जहाजावर सगळं मिळतं, मऊ भात सोडून!

क्रूझचं बुकिंग करताना आपण सगळ्यात आधी विचारतो, ‘जेवण इन्क्लुडेड आहे ना?’ असतं. पण या ‘इन्क्लुडेड’च्या पोटात काय काय दडलेलं असतं? बोटीवरचं खाणं पूर्वीसारखं राहिलं नाही अशी ओरड का होतेय? आणि वीस प्रकारची डेझर्ट्स समोर असताना आपल्याला वरणभातच का आठवतो?

‘क्रूझ’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, डेकवरचा स्विमिंग पूल, गॉगल लावून काढलेले फोटो... आणि बुफे! हो, बुफेच. कारण आपल्याकडे कुणीही क्रूझ करून आलं, की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पहिला प्रश्न ‘समुद्र कसा होता?’ असा नसतोच. ‘खायला काय काय होतं?’ हाच असतो. पूर्वी या प्रश्नाचं उत्तर द्यायला अख्खा लंच टाइम पुरायचा नाही. हल्ली उत्तर एका वाक्यात संपतं. ‘होतं खूप, पण...’

या ‘पण’ची चव मी स्वतः घेतली ती गेल्या डिसेंबरात. आईबाबांना घेऊन सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली. फ्रीलान्सरचे चेक किती ‘वेळेवर’ येतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चार रात्रींमागे किती महिन्यांची काटकसर होती हे वेगळं सांगायला नको. बाबांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि ‘एकदा मोठ्या बोटीत बसायचं’ ही त्यांची फार जुनी इच्छा. बोटीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. वेगवेगळ्या बोटींवर जाऊन आलेल्या मित्रमैत्रिणींची रड एकच आहे.

पहिल्या रात्रीचा बुफे बघून आम्ही तिघंही गार! इटालियन, चायनीज, मेक्सिकन, थाई आणि एका कोपऱ्यात आपला इंडियन काउंटर. फोटो काढून झाले. मग खायला सुरुवात केली. पास्ता आणि नूडल्स यांच्या चवीत फरक होता तो फक्त आकाराचा. पनीर लाल ग्रेव्हीत, चिकनही त्याच लाल ग्रेव्हीत. नान कडेने कडक झालेला. जीरा राइसचा दाणा न् दाणा मोकळा, अगदी एकमेकांशी भांडण झाल्यासारखा. आई म्हणाली, ‘छान आहे गं सगळं.’ आईचं ‘छान आहे’ कधी छान असतं आणि कधी नसतं, हे तुम्हालाही तुमच्या आईवरून माहीत असेलच.

दुसऱ्या रात्री डायनिंग रूममध्ये बाबांनी काटाचमचा बाजूला ठेवला आणि वेटरला अगदी संकोचून विचारलं, ‘थोडा मऊ भात मिळेल का?’ वेटर भला होता. आत जाऊन विचारून आला. म्हणाला, ‘सर, आज नाही जमणार. उद्यासाठी सांगून ठेवतो.’

एवढी मोठी बोट. हजारो माणसं. रात्री बारालाही मिळणारा पिझ्झा. आणि वाटीभर मऊ भाताला चोवीस तासांची नोटीस? माझ्यातल्या जर्नालिस्टला इथे खाज सुटली.

तक्रार तशी जुनीच

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. बोटीवरच्या जेवणाला नावं ठेवण्याची परंपरा खुद्द चार्ल्स डिकन्सइतकी जुनी आहे. १८४२च्या जानेवारीत हे महाशय ‘ब्रिटानिया’ या आगबोटीने लिव्हरपूलहून अमेरिकेला निघाले आणि नंतर ‘अमेरिकन नोट्स’ या पुस्तकात त्यांनी केबिनपासून जेवणापर्यंत कशाकशाची खिल्ली उडवली. बिचाऱ्या बोटवाल्यांकडे तेव्हा फ्रीज नव्हता. ताज्या दुधासाठी ‘ब्रिटानिया’वर चक्क एक गाय नेली जात असे!

पुढे आगबोटी मोठ्या झाल्या आणि जेवणाचा रुबाब वाढला. १४ एप्रिल १९१२च्या रात्री ‘टायटॅनिक’च्या फर्स्ट क्लासमध्ये ऑयस्टर्सपासून वॉल्डॉर्फ पुडिंगपर्यंत दहा-अकरा कोर्सचं डिनर होतं. त्याच बोटीवर थर्ड क्लासच्या मेनूकार्डात रात्रीच्या शेवटच्या खाण्यासाठी काय लिहिलं होतं? ग्रुएल, बिस्किटं आणि चीज. ग्रुएल म्हणजे धान्याची पातळ खीर. आपल्या भाषेत पेजच म्हणा ना! ही पेज लक्षात ठेवा, ती पुढे परत भेटणार आहे.

आपण जिला ‘क्रूझ’ म्हणतो ती मात्र बरीच अलीकडची. विमानांनी आगबोटींचं गिऱ्हाईक पळवलं. मग कुठे पोहोचण्यासाठी नाही, तर नुसतं मजा करण्यासाठी बोटीत बसायचं, हा फंडा निघाला. १९६६मध्ये मायामीहून नॉर्वेजियन, १९७०मध्ये रॉयल कॅरिबियन आणि १९७२मध्ये कार्निव्हल अशा कंपन्या उतरल्या. १९७७ ते १९८६ या काळात ‘द लव्ह बोट’ ही अमेरिकन मालिका गाजली आणि मध्यमवर्गीय अमेरिकनाला वाटू लागलं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल!

या बोटींचा वायदा सोपा होता. एकदा तिकीट काढा, मग पोटभर खा. संध्याकाळी जेवणाच्या दोन पंगती. एक लवकरची, एक उशिराची. आठवडाभर तेच टेबल, तोच वेटर. तिसऱ्या दिवशी त्याला तुमच्या मुलाला काय आवडतं ते पाठ झालेलं असायचं. मध्यरात्री बर्फाच्या शिल्पांनी सजवलेला ‘मिडनाइट बुफे’. आणि शेवटच्या काही रात्रींत ‘बेक्ड अलास्का’ची मिरवणूक. केकमध्ये आइस्क्रीम, वरून अंड्याच्या पांढऱ्याचं भाजलेलं आवरण. दिवे मालवायचे, वेटर्सनी हे ताट मिरवत आणायचं, लोकांनी नॅपकिन फिरवायचे. आपल्या लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट फिरताना होतो तसाच माहोल!

गंमत बघा. अमेरिकेतले जुने क्रूझर्स आज घरच्या जेवणासाठी नाही, या बोटीवरच्या पदार्थांसाठी हळवे होतात. कुणाला बेक्ड अलास्का आठवतो, कुणाला कार्निव्हलचा आतून वितळलेला गरम चॉकलेट केक. आपल्या आठवणी डब्यातल्या असतात, त्यांच्या बोटीवरच्या. हळवेपणा तोच.

‘इन्क्लुडेड’चं गणित

मग बिनसलं कुठे? २०००मध्ये नॉर्वेजियनने ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ आणलं. ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, हवं तेव्हा हवं त्या रेस्टॉरंटमध्ये जेवा. आपल्या पिढीला हे पटण्यासारखंच होतं. ऑफिसची शिफ्ट सुटावी तशी डिनरची शिफ्ट कुणाला हवीय? पण या मोकळेपणात दोन गोष्टी हळूच घडल्या. तुमची चव ओळखणारा वेटर गेला. आणि वेगळे पैसे मोजून जेवायची ‘स्पेशालिटी’ रेस्टॉरंट्स एकामागून एक वाढत गेली. स्टेक तिकडे, सुशी तिकडे, शेफ स्वतः येऊन गप्पा मारणार तोही तिकडेच. जे उरलं ते ‘इन्क्लुडेड’.

मग छोट्या छोट्या पाट्या लागायला लागल्या. रॉयल कॅरिबियनने २०१७मध्ये रूम सर्व्हिसला ७.९५ डॉलर लावले, फक्त सकाळचा साधा कॉन्टिनेंटल ब्रेकफास्ट तेवढा वगळला. कार्निव्हलने २०२३च्या सुमारास डायनिंग रूममध्ये तिसऱ्या मेन डिशपासून ५ डॉलर घ्यायला सुरुवात केली. रक्कम मोठी नाही. पण ‘पोटभर खा’ म्हणणाऱ्या यजमानाने तिसऱ्या वाढपाला बिल पुढे केलं तर कसं वाटेल?

कंपन्यांचं गणित समजून घ्यायचं तर त्यांचे वार्षिक हिशेब पाहावेत. ते सगळ्यांसाठी खुले असतात आणि त्यात अन्नावरचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. कार्निव्हलच्या २०२३च्या हिशेबात हा खर्च सव्वाशे कोटी डॉलरच्या वर आहे. आकडा ऐकून गरगरलात ना? पण त्या वर्षी त्यांच्या सगळ्या बोटींवर मिळून प्रवाशांनी नऊ कोटींहून जास्त दिवस काढले. करा भागाकार. एका प्रवाशामागे एका दिवसाला साधारण १५ डॉलर, म्हणजे आपले बाराशे-तेराशे रुपये. त्यात ब्रेकफास्ट, लंच, डिनर, चारचा चहा आणि रात्रीचा पिझ्झा. मुंबईतल्या बऱ्यापैकी हॉटेलात तेवढ्यात दोघांचं एक धड जेवण होत नाही. घाऊक खरेदीत माल स्वस्त पडतो हे मान्य. तरी या पैशात सगळ्यांच्या ताटात रोज लॉब्स्टर येणार नाही, हे सांगायला एमबीए लागत नाही.

त्याच हिशेबातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. एकूण उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश भाग तिकिटाबाहेरून येतो. दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, वायफाय आणि ही स्पेशालिटी रेस्टॉरंट्स. म्हणजे तिकीट हे फक्त दार आहे. दुकान आत आहे. फुकटचं जेवण अगदी झक्कास असेल तर आतल्या दुकानात कोण जाईल, सांगा बरं?

आणि बोटींचे आकार! २०२४च्या जानेवारीत निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर एका खोलीत दोघं धरली तरी ५,६१० प्रवासी मावतात. सगळे बेड भरले तर ७,६००. शिवाय दोन हजारांवर कर्मचारी. कोकणातलं एखादं अख्खं गाव बोटीत बसवा, नाही, दोन-तीन गावं बसवा. आणि आता त्यांचा रोजचा स्वयंपाक करा.

फुलका का फुगत नाही?

हा स्वयंपाक करणारा एकजण माझ्या घरातलाच आहे. माझा मावसभाऊ. वेंगुर्ल्याकडचा. हॉटेल मॅनेजमेंट करून तो दहाएक वर्षं मोठमोठ्या बोटींच्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या किचनमध्ये राबतोय. सुट्टीवर आला तेव्हा त्याला पकडलं.

‘दादा, खरं सांग. तुम्ही लोक चांगलं करत नाही की तुम्हाला करू देत नाहीत?’

तो हसला. ‘अगं, आधी मला सांग, तुमच्या घरात फुलका कशावर फुगतो?’

‘गॅसवर. जाळावर.’

‘बोटीवर जाळ नाही. सगळं विजेवर. आता बोल!’

खरंच की! समुद्रात सगळ्यात मोठी भीती पाण्याची नाही, आगीची. म्हणून आजच्या क्रूझशिपच्या गॅलीत उघडी ज्योत नसते. इलेक्ट्रिक तवे, इंडक्शन, ओव्हन, वाफेच्या मोठाल्या कढया. कढईला जाळ लागून नूडल्सना येणारा तो धुरकट वास, जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, निखाऱ्यावरचा पापड, टम्म फुगलेला फुलका, तव्यावरून थेट जाळावर गेलेली भाकरी. आपल्या निम्म्या चवी जाळातून येतात आणि जाळाला बोटीवर प्रवेश नाही.

दुसरी गोष्ट, यूएसपीएच. बोटीवर काम केलेल्या कुणाहीसमोर ही चार अक्षरं उच्चारून बघा, माणूस आपोआप ताठ बसतो. अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा १९७५पासून चालत आलेला हा तपासणी कार्यक्रम. अमेरिकी बंदरात येणाऱ्या क्रूझशिपवर इन्स्पेक्टर न सांगता चढतात आणि शंभरपैकी मार्क देतात. ८६ किंवा जास्त मिळाले तर पास. ८५ म्हणजे नापास! गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरता कामा नये, थंड पदार्थ ५ अंशांच्या वर चढता कामा नये. शिजवलेलं थंड करायचं असेल तर दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आणायचं. प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवायची.

हे नियम जाचक वाटतात, पण ते आपल्या भल्याचेच आहेत. बंद बोटीत हजारो माणसं एकाच किचनचं खाणार. तिथे पोट बिघडवणारा नोरोव्हायरस शिरला तर काय होईल, विचार करा. पण चवीची किंमत मोजावी लागतेच. आमटी ५७ अंशांच्या वर तासन्‌तास धरून ठेवली की आटत जाते. भात कडक होतो. नान वाळतो. मासा जास्त शिजतो.

‘आणि तिखट?’ मी विचारलं.

‘तिखट कुणाच्या जिभेचं घालू? एका हॉलमध्ये तीस-चाळीस देशांची माणसं. सगळ्यांना चालेल असं करायचं म्हणजे कुणालाच फार आवडणार नाही असं करायचं.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘आम्हाला येत नाही असं नाही गं. पंधराशे प्लेटी एका तासात जायच्या असतात. तेव्हा स्वयंपाक होत नाही, प्रॉडक्शन होतं.’

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. बोटीवरचं खाणं बिघडलं म्हणजे माल सडका आला किंवा आचारी कामचुकार झाला असं नाही. प्रकार वाढले आणि स्वयंपाक कमी झाला. ताटात तेवढेच पदार्थ आहेत, उलट जास्तच आहेत. पण त्यातला एकही कुणा एकासाठी, आत्ता, समोर शिजलेला नाही.

बाबांची बोट

बाबांच्या ‘मोठ्या बोटीत बसायच्या’ इच्छेमागे ‘द लव्ह बोट’ बिलकूल नव्हती. त्यांची बोट वेगळी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट. रस्ते वाईट, कोकण रेल्वेचा पत्ता नाही, अशा काळात कोकण किनाऱ्यावरची बंदरं घेत गोव्यापर्यंत जाणारी ही प्रवासी बोट म्हणजे चाकरमान्यांची लाइफलाइन होती. पावसाळ्यात ती बंद असायची. ऐंशीच्या दशकापर्यंत कशीबशी तगली आणि मग इतिहासजमा झाली.

सत्तरच्या दशकात शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत बाबा आजीबरोबर डेकवर सतरंजी टाकून वेंगुर्ल्याला जायचे. सोबत वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि फडक्यात बांधलेलं खाणं. तांदळाची भाकरी, सुक्या खोबऱ्याची चटणी, कांदा. बोट लागून निम्मे प्रवासी आडवे झालेले. पहाटे बंदर आलं की होडीत उतरायचं आणि घरी पोहोचल्यावर पहिली गोष्ट काय? उकड्या तांदळाची गरम पेज आणि लोणच्याची फोड. रात्रभर ढवळलेलं पोट त्या पेजेने जागेवर यायचं.

म्हणजे बाबांच्या डोक्यात बोट आणि मऊ भात यांची गाठ पन्नास वर्षांपूर्वीच बसलेली होती! त्यांनी वेटरकडे मागितला तो भात नव्हताच. पोट जागेवर आणणारी ती सकाळ मागितली होती. हे मला त्या टेबलावर नाही, नंतर डेकवर त्यांच्याबरोबर चक्कर मारताना कळलं. इतकी वर्षं त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मुंबईतल्या घरात आम्ही जेवताना टीव्ही बघतो.

हे नुसतं आमच्या बाबांचं नाही. मानसशास्त्रातही या विषयावर काम झालंय. २०११मध्ये जॉर्डन ट्रोइसी आणि शिरा गॅब्रिएल या दोन अमेरिकन संशोधकांनी ‘कम्फर्ट फूड’वर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा विषय होता चिकन सूप. निष्कर्ष साधारण असा, की असे पदार्थ आपल्याला जवळच्या माणसांची आठवण करून देतात आणि एकटेपणा हलका करतात. म्हणजे कम्फर्ट पदार्थात नसतो, तो कुणी वाढला त्याच्यात असतो. म्हणूनच फाइव्ह स्टारच्या मेनूवर ‘डाळ-राइस, होम स्टाइल’ असं लिहून आलं तरी घरचं लागत नाही.

क्रू मेसमधली पेज

आता या गोष्टीची दुसरी बाजू. आपण वरच्या मजल्यावर बुफेला नावं ठेवत असतो, तेव्हा तो बुफे लावणारे खाली काय खातात?

मोठ्या क्रूझशिपवर कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या खानावळी असतात. ऑफिसर्स मेस, स्टाफ मेस आणि क्रू मेस. सागरी कामगारांसाठीच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय करारात, जो २०१३पासून लागू झाला, स्पष्ट म्हटलंय की बोटीवर कर्मचाऱ्याला जेवण मोफत मिळालं पाहिजे आणि ते देताना त्याचा धर्म आणि त्याच्याकडच्या खाण्याच्या पद्धती विचारात घ्याव्यात. त्याच करारात विश्रांतीचेही नियम आहेत. चोवीस तासांत किमान दहा तास. उरलेले चौदा तास कसे जात असतील, ते तुम्हीच ठरवा.

‘भात कायम असतो,’ दादा सांगत होता. ‘फिलिपिनो, इंडोनेशियन, आपण, सगळे भातवाले. करी असते, डाळ असते. उपाशी कुणी राहत नाही. पण सात-आठ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तिसऱ्या महिन्यापासून एकच गोष्ट आठवते. पेज. आईच्या हातची.’ केबिनमध्ये स्वतः काही शिजवायची सोय नाही, कारण पुन्हा आगीची भीती. बॅगेत मालवणी मसाल्याची पुडी असते. ती डाळीवर भुरभुरवायची आणि डोळे मिटून खायचं.

हजारो लोकांच्या जेवणाची चव राखणारा माणूस स्वतः वाटीभर पेजेसाठी दिवस मोजत असतो. वरच्या डेकवर आमचे बाबा तेच मागत होते, खालच्या डेकवर दादासारखे कितीतरी!

ही कहाणी आजची नाही. एकोणिसाव्या शतकापासून पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा आगबोट कंपन्यांच्या बोटींवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून गोव्याची माणसं असायची. कोकणीत त्यांना ‘तारवटी’ म्हणतात. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायचं कुठे? तर गावागावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडा’त. धोबीतलावच्या जेर महल इमारतीत असे काही कूड आजही आहेत. एका हॉलमध्ये रांगेने ट्रंका, भिंतीशी देव्हारा आणि एकमेकांच्या गावाकडच्या गप्पा. साहेबाला बोटीवर रोस्ट आणि पुडिंग खिलवणारी ही मंडळी परतल्यावर कुडात भात आणि कढीवर तुटून पडत असतील, यात मला तरी शंका नाही.

२०२०च्या मार्चमध्ये कोविडमुळे जगभरच्या क्रूझ थांबल्या तेव्हा हीच माणसं भर समुद्रात अडकून पडली होती. पुढे बोटी परत सुरू झाल्या. मुंबईतूनही २०२१मध्ये ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ निघाली. म्हणजे १९९०मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेलीच बोट, नव्या संसाराला लागलेली. बॅलार्ड पिअरला २०२५मध्ये नवं क्रूझ टर्मिनलही झालं. आपल्यातले बरेचजण येत्या काही वर्षांत आईबाबांना घेऊन बोटीत बसणार, हे नक्की.

आणि तो मऊ भात?

आला! तिसऱ्या रात्री आमच्या टेबलावर झाकण घातलेली एक वाटी आली. मऊ शिजवलेला भात. बाजूला साधी पिवळी डाळ. वर क्रीम नाही, बटर नाही. लिंबाची फोड. आणि तूप नाही म्हणून लोण्याचा छोटासा तुकडा. सोबत आतल्या कुठल्याशा शेफचा निरोप, ‘मीठ तुमच्या अंदाजाने घ्या.’ बाबांनी काटाचमचा सरळ बाजूला केला आणि हाताने कालवून खाल्लं. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघत होती. बघू देत!

भात काही ग्रेट नव्हता. पण अख्ख्या बोटीवर तेवढी एक वाटी कुणीतरी एका माणसासाठी शिजवली होती. मी आत जाऊन त्या शेफला भेटायचा प्रयत्न केला. भेट झाली नाही, तो पुढच्या पंगतीच्या प्लेटी लावत होता.

बोटीवर जाताय? मग हे कराच!

• बुकिंग करतानाच शाकाहारी, जैन, पथ्याचं काय ते लिहून द्या. आयत्या वेळी सांगितलेलं बोटीवर जमत नाही.

• साधं काही हवं असेल तर डायनिंग रूमच्या हेड वेटरला आदल्या रात्री सांगा. मऊ भात, फोडणीची खिचडी, बिनमसाल्याची भाजी. मागायला लाजू नका. बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे लागत नाहीत.

• बुफेत शिरायचं तर उघडल्या उघडल्या. दोन तासांनी तोच पदार्थ दुसराच लागतो.

• जे समोर करून देतात तिकडे रांग लावा. ऑम्लेट, डोसा, पास्ता. रांग मोठी असली तरी ताजं तिथेच मिळतं.

• स्पेशालिटी रेस्टॉरंटचं एखादं डिनर आधीच बजेटमध्ये धरा. रोज गेलात तर ‘इन्क्लुडेड’चे पैसे वाया.

• मेतकूट, चटणी, लोणचं सीलबंद पाकिटात न्या. घरी शिजवलेलं बहुतेक कंपन्या बोटीवर आणू देत नाहीत. मध्ये लागणाऱ्या बंदरांचे नियमही आधी वाचा.

• शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म येतो. आपण तो न वाचता बंद करतो. तसं करू नका. ज्याने तुमच्यासाठी वेगळं काही केलं त्याचं नाव विचारून घ्या आणि फॉर्ममध्ये नीट स्पेलिंगसकट लिहा. दादा म्हणतो, प्रवाशाने नावानिशी केलेलं कौतुक वरिष्ठांपर्यंत पोहोचतं. आम्ही वेटरकडून त्या शेफचं नाव लिहून घेतलं आणि फॉर्म बाबांनी स्वतः भरला, दोनदा तपासून.